शिट्टी थांबल्यावर मोजा

फुटबॉलची निवड चाचणी म्हटली की हल्ली मोबाइलला स्पीकर जोडला जातो, वीस मीटरवर कोन मांडले जातात आणि दर ‘बीप’ला पोरं या टोकाकडून त्या टोकाकडे पळत सुटतात. कर्जत, नेरळ, खोपोली, कुठेही गेलात तरी पद्धत हीच. दुसऱ्यांदा बीप हुकला की पोरगा बाद. बाद झालेला पोरगा गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत उभा राहतो आणि प्रशिक्षकांची नजर अजून पळणाऱ्यांवरच खिळलेली असते. माझं भांडण या नजरेशी आहे. त्या पोराबद्दलची सगळ्यात मोलाची माहिती त्या क्षणी त्याच्या मनगटात असते. पुढच्या मिनिटाभरात ती निघून जाते आणि टिपायला कुणी जवळही जात नाही.

या चाचणीचं नाव आपल्याकडे घराघरांत पोचवलं क्रिकेटने. युवराज सिंग आणि सुरेश रैना यो-यो चाचणीत अडकल्याच्या बातम्या 2017 मध्ये आल्या, पुढच्या वर्षी मोहम्मद शमी आणि अंबाती रायुडू. तेव्हापासून पास होण्याचा 16.1 हा आकडा शाळकरी पोरांनाही पाठ आहे. चाचणी मात्र मुळात फुटबॉलची. डेन्मार्कचे येन्स बांग्सबो यांनी ती 1990च्या दशकात बसवली. हे गृहस्थ स्वतः फुटबॉल खेळलेले, शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक आणि पुढे इटलीच्या युव्हेंटस क्लबचे सहायक प्रशिक्षक. त्यांना माहीत होतं की फुटबॉलपटू सरळ रेषेत एका लयीत कधीच धावत नाही. म्हणून वीस मीटर जायचं, वीस मीटर यायचं आणि मग दहा सेकंद. त्या दहा सेकंदांत पाच मीटर चालत जाऊन परत यायचं आणि पुन्हा पळायचं, दर टप्प्याला थोडं अधिक वेगाने. सुरुवात ताशी 10 किलोमीटरने होते. सगळी करामत त्या दहा सेकंदांत आहे. एवढ्या वेळात छातीचा भाता किती शांत होतो, यावर पुढची फेरी ठरते. बांग्सबो यांनी चाचणीच्या नावातच ‘रिकव्हरी’ घातलं होतं. आपण ‘यो-यो’ तेवढं उचललं आणि पुढचं गाळलं.

त्या 16.1चा हिशोबही एकदा करून टाकू. चाचणीच्या पहिल्या पातळीच्या तक्त्यानुसार 16.1 म्हणजे 1,120 मीटर. बांग्सबो यांच्या सूत्रात हे अंतर घातलं की शरीर दर मिनिटाला, वजनाच्या दर किलोमागे जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, त्याचा अंदाज मिळतो. त्यालाच व्हीओटू मॅक्स म्हणतात. उत्तर येतं सुमारे 45.8 मिलिलिटर. वरच्या दर्जाच्या फुटबॉलपटूंमध्ये हा आकडा साधारण 55 ते 65 असतो. म्हणजे 16.1 ही काही फुटबॉलची पायरी नव्हे. ती भारतीय क्रिकेट मंडळाने पगारी, प्रौढ क्रिकेटपटूंसाठी आखलेली रेघ होती. कडाव किंवा चौक गावच्या चौदा वर्षांच्या पोराला तीच रेघ लावून ‘नापास’ म्हणणं चूक आहे, आणि ती चूक पोराच्या खात्यावर मांडली जाते.

चौदा वर्षांचा पोरगा म्हणजे तरी कोण? जन्मदाखल्यावर दोघंही चौदाचे. एकाला मिसरूड फुटलेलं, खांदे भरलेले, आवाज घोगरा. दुसरा अजून बाळसेदार चेहऱ्याचा. हाडामांसाच्या हिशोबात दोघांत दोन-तीन वर्षांचं अंतर सहज असतं. बीपवर पहिला जिंकणार, त्यात त्याचं कौतुक करण्यासारखं काही नाही. दुसऱ्याला याच वर्षी घरी पाठवलं, तर तो वाढून येईल तेव्हा हातात फुटबॉल असेल की कंपनीचं गेटपास, हे कुणी सांगायचं? अगदी लहान मुलांसाठी, सहा ते दहा वर्षांच्या, याच चाचणीचा सोळा मीटरचा वेगळा प्रकार आहे. तो वापरायला खर्च काही नाही. कोन चार मीटर आत सरकवायचे आणि त्या प्रकाराचं ध्वनिमुद्रण लावायचं.

*

फुटबॉलला दम नेमका कशासाठी लागतो? नव्वद मिनिटांच्या सामन्यात वरच्या दर्जाचा मैदानी खेळाडू 10 ते 12 किलोमीटर कापतो. पण हे किलोमीटर तुकड्यातुकड्यांचे असतात. चालणं, वळणं, दुडकी, झेप, मागे सरकणं, उडी. दर चार-सहा सेकंदांनी हालचाल बदलते, सामनाभर हजारावर वेळा. पूर्ण ताकदीची धाव दोन ते चार सेकंदांचीच, साधारण दीड मिनिटातून एकदा.

त्या दोन-चार सेकंदांसाठी स्नायूत तातडीचं इंधन असतं, क्रिएटिन फॉस्फेट. ते झटक्यात जळतं आणि पुन्हा भरतं ते ऑक्सिजनच्या जोरावर. निम्मं अर्ध्या मिनिटाच्या आसपास भरून येतं, बाकीचं भरायला काही मिनिटं लागतात. म्हणून ज्याचं हृदय-फुप्फुस तयार, तो सत्तराव्या मिनिटाला पहिल्या मिनिटासारखी झेप घेतो. ज्याचं नाही, त्याचे पाय तेच असतात, कसब तेच असतं, पण चेंडू त्याच्या बोटभर पुढून निघून जातो. प्रेक्षक म्हणतात, आळशी आहे. प्रशिक्षक रेषेवरून ओरडतो, ‘उभा काय राहिलास!’ अहो, तो उभा राहिलेला नाही. तो दम खातोय, आणि कधी, कुठे, किती दम खायचा हे कळणं हा खेळाचाच भाग आहे. ओरडण्याऐवजी हा दम किती वेळात भरतो, ते मोजा.

मोजायला लागतं काय? दोन बोटं आणि सेकंदकाटा. धाव संपताच मनगटावर किंवा गळ्याच्या बाजूला नाडी पंधरा सेकंद मोजा, चाराने गुणा. बरोबर एका मिनिटाने पुन्हा मोजा. दोन आकड्यांतला फरक वहीत लिहा. ठोके झपाझप उतरले तर शरीराला ब्रेक लावता येतो. हृदयाला आवरणाऱ्या वेगस या चेतातंतूचं हे काम, आणि नियमित सरावाने ते सुधारतं. 1999 साली अमेरिकेत हृदयाच्या तपासणीसाठी आलेल्या रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला. व्यायाम थांबल्यावर पहिल्या मिनिटात ज्यांचे ठोके बारा किंवा त्याहून कमी उतरले, त्यांना पुढच्या काही वर्षांत मृत्यूचा धोका जास्त दिसला. तो आकडा मध्यमवयीन रुग्णांचा आहे. पोरांवर चिकटवू नका. पोराची तुलना त्याच्याच मागच्या महिन्याशी करा, शेजारच्याशी नको.

शाळेत बीप वाजवायला स्पीकर नसेल तर पायरी आहे. हार्वर्ड स्टेप टेस्ट 1943 पासून छापील आहे. वीस इंच उंच फळी, मिनिटाला तीस वेळा चढ-उतार, पाच मिनिटं. मग बसायचं आणि नाडी तीनदा, अर्धा-अर्धा मिनिट मोजायची, दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मिनिटाच्या सुरुवातीला. चढ-उतार किती सेकंद टिकली त्याला शंभराने गुणायचं आणि तिन्ही नाड्यांच्या बेरजेच्या दुपटीने भागायचं. समजा मुलाने पूर्ण 300 सेकंद काढले आणि ठोके आले 80, 60, 50. बेरीज 190, उत्तर 79. चाचणी संपल्यावरच या चाचणीचं खरं मोजमाप सुरू होतं, म्हणून मला ती आवडते. पण जपून. ती हार्वर्डच्या धडधाकट तरुणांसाठी बेतलेली आहे. सव्वाचार फूट उंचीच्या पोरीला वीस इंचांची पायरी म्हणजे भिंतच. फळी कमी उंचीची घ्या, सगळ्यांना वर्षभर तीच ठेवा आणि मोठ्यांचे ‘उत्तम-मध्यम-कमी’ हे तक्ते बाजूला ठेवा.

आता सरकारी बाजू बघा. खेलो इंडियाच्या शालेय तंदुरुस्ती चाचण्यांत दमसासासाठी 600 मीटरची धाव आहे. चाचणी बरी आहे. पण तिथे फक्त वेळ नोंदवायची असते. रेघ ओलांडली की मुलाचा आणि अर्जाचा संबंध संपला. पोलीस भरतीतही तेच. मुलांना 1,600 मीटर, मुलींना 800, पन्नासपैकी वीस गुण त्याचे. त्यासाठी आपल्या कर्जत-खोपोली भागातली पोरं अंधारात रस्त्याकडेला पळतात, आणि त्यातलीच काही संध्याकाळी फुटबॉल खेळतात. 2014च्या जूनमध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटरच्या धावेत काही उमेदवारांचे जीव गेले. त्यानंतर अंतर कमी झालं. धाव थांबल्यावर उमेदवाराकडे कुणी किती वेळ पाहायचं, हा प्रश्न अंतराएवढाच महत्त्वाचा होता आणि तो अंतर कमी करून सुटत नाही.

*

आता एक वाक्य, जे ऐकलं की माझा संताप होतो. ‘वाडीवरची पोरं काय, जात्याच काटक असतात. त्यांना दम लागत नाही.’

पाथरज, कळंबच्या पट्ट्यातली ठाकूर आणि कातकरी पोरं डोंगर चढून-उतरून शाळेत येतात, हे खरं. माथेरानला पाठीवर ओझी वाहणारी माणसं याच डोंगरातली, हेही खरं. पण चढाव चढणं वेगळं आणि पोट भरलेलं असणं वेगळं. ‘काटक’ म्हणून शाबासकी दिली की खाऊ घालायची जबाबदारी संपते, तपासायची जबाबदारी संपते. केंद्राने अतिअसुरक्षित ठरवलेल्या महाराष्ट्रातल्या तीन जमातींपैकी कातकरी एक आहेत. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं उचल घेऊन वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. शाळेच्या स्पर्धांचा, निवड चाचण्यांचा बराचसा मोसम त्याच महिन्यांतला. पोरगं भट्टीवर विटा थापत असताना मैदानावर त्याच्या नावापुढे ‘गैरहजर’ लागतं. आणि हजर असलेल्याच्या रक्तात काय आहे?

एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे 1.34 मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेतं. शंभर मिलिलिटर रक्तात 14 ग्रॅम हिमोग्लोबिन असेल तर जवळजवळ 18.8 मिलिलिटर ऑक्सिजन. 10 ग्रॅम असेल तर 13.4. म्हणजे दर फेरीला स्नायूंपर्यंत पोचणाऱ्या मालात पाव हिश्श्याहून जास्त तूट. हृदय बिचारं अधिक वेगाने धडधडून भरपाई करायला बघतं, म्हणून नाडी लवकर वर जाते आणि उशिरा उतरते. बीपवर हा पोरगा पाचव्या मिनिटाला बाद होणार. वहीत लिहिलं जाणार, ‘दमसास कमी’. त्याला लोहाची गरज होती. आपण त्याला आणखी चार फेऱ्या मारायला लावल्या.

ही कल्पनेतली भीती नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त, 54.2 टक्के, रक्तक्षय असलेल्या निघाल्या. पाच वर्षांखालच्या मुलांत हे प्रमाण 68.9 टक्के. ही राज्याची सरासरी आहे. वाड्यांवर काय असेल, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. बारा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींसाठी जागतिक आरोग्य संघटनेची रेघ आहे 12 ग्रॅम. फुटबॉलच्या निवडीसाठी रेघ हवीच असेल तर आधी ही लावा, आणि तिच्याखाली असलेल्याला बाद करू नका, औषध द्या.

यंत्रणा तर आहे. आठवड्याला एकदा द्यायची लोहाची निळी गोळी 2013 पासून शाळाशाळांत येते. जंताची गोळी वर्षातून दोनदा येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे, कशेळेला आणि चौकला ग्रामीण रुग्णालयं आहेत. बोटातून एक थेंब रक्त घेऊन हिमोग्लोबिन कळतं. संघ निवडण्याच्या आधीच्या आठवड्यात खेळाडूंची यादी आरोग्य पथकाच्या हातात द्यायला एक फोन पुरतो. क्रीडाशिक्षक आणि आरोग्यसेविका एकाच गावात काम करतात आणि एकमेकांच्या वहीत डोकावत नाहीत, याचा मला राग आहे. आणि हो, चाचणीच्या सकाळी मुलाने काही खाल्लंय का, एवढं तरी विचारा. दोन डोंगर उतरून उपाशी आलेल्या मुलाची मोजणी ही भुकेची मोजणी होते.

*

आमचा मुलूख कबड्डीचा आणि क्रिकेटचा. फुटबॉल इथे उशिरा आला आणि अजून पाहुण्यासारखा वागवला जातो. 15 सप्टेंबर 2017 रोजी ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ म्हणून एका दिवसात दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचा सरकारी संकल्प झाला, शाळांना चेंडू वाटले गेले. पुढच्याच महिन्यात नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे सामने झाले, उपान्त्य सामन्यासकट. त्या भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. पण कोल्हापुरात तालमींचे संघ आहेत, पिढ्यान्पिढ्यांची लीग आहे, शाहू स्टेडियम भरून येणारे प्रेक्षक आहेत. तिथल्या पोराला मोसमभर सामने मिळतात. आपल्याकडे त्या एका दिवसाची डोकी मोजली गेली. सोळा सप्टेंबरला किती मुलं खेळली, हे कुणी मोजलं?

लीग नाही म्हणून मग एका दिवसात उरकायच्या स्पर्धा. तारीख एप्रिल-मेची, कारण तेव्हा परीक्षा संपलेल्या असतात आणि शेतं रिकामी. घाटाच्या पायथ्याशी त्या दिवसांत पारा चाळिशी गाठतो आणि हवेत दमटपणा असतोच. उष्मा, दमटपणा आणि ऊन मिळून जो निर्देशांक निघतो तो 32 अंशांवर गेला की फिफा सामन्याच्या प्रत्येक अर्ध्या भागात पाणी पिण्यासाठी खेळ थांबवण्याची तरतूद ठेवते, आणि ते खेळाडू जगातले सगळ्यात तयार. आपल्याकडे सकाळी नऊपासून गटसामने आणि अंतिम सामन्यापर्यंत पोचणाऱ्या पोराला दिवसात चार सामने. एका पूर्ण सामन्यानंतर स्नायूंतला साखरेचा साठा भरायला दोन-तीन दिवस लागू शकतात. चौथ्या सामन्यात जिंकतो तो संघ चांगला असतोच असं नाही. त्याच्याकडे बदली खेळाडू जास्त असतात. आयोजकांनो, बक्षिसाची रक्कम निम्मी करा आणि स्पर्धा चार रविवारांवर पसरवा. सामन्यांच्या मध्ये सावली, मीठ-साखर-पाणी आणि केळी ठेवा. चषकाची उंची कमी झाली तरी चालेल.

सराव कसा द्यायचा, याचं उत्तरही पंचवीस वर्षं तयार आहे. 2001 साली नॉर्वेतल्या संशोधकांनी अठरा वर्षांच्या आसपासच्या खेळाडूंना आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा, चार मिनिटांच्या चार जोरदार धावा दिल्या, मध्ये तीन-तीन मिनिटं हलकी दुडकी. व्हीओटू मॅक्स 58.1 वरून 64.3 झाला. सामन्यात ते वीस टक्के जास्त अंतर कापू लागले आणि झेपा दुप्पट झाल्या. पुढे असंही दिसलं की लहान मैदानात चार विरुद्ध चार असा नेटाने खेळ लावला तरी हृदय तेवढंच तापतं. म्हणजे चेंडू पायात ठेवूनच दम वाढतो. मग उशिरा आला म्हणून पाच फेऱ्या, पास चुकला म्हणून दहा फेऱ्या, हे कशासाठी? पळणं ही शिक्षा आहे असं ज्या पोराला बारा वर्षांचा असताना शिकवलंत, तो विसाव्या वर्षी आनंदाने पळेल ही अपेक्षा सोडा.

आणि दर महिन्याला पोरांना बीपवर शेवटपर्यंत पिळायचीही गरज नाही. यो-योची पहिली सहा मिनिटंच पळवा, थांबवा, नाडी मोजा. तेवढ्याच कामाला गेल्या महिन्यापेक्षा ठोके कमी पडले तर तयारी वाढते आहे. सरावानंतर अर्ध्या तासाने प्रत्येकाला विचारा, आज किती जड गेलं, शून्य ते दहात सांग. आलेल्या आकड्याला सरावाच्या मिनिटांनी गुणा, हा त्या दिवसाचा भार. अमेरिकेतल्या कार्ल फॉस्टर यांची ही पद्धत मोठमोठे क्लब वापरतात. आपल्याकडे तिला एक जोड हवी: घरचं कामही विचारा. जुलैत दिवसभर वाकून भातलावणी केलेला पोरगा संध्याकाळी मैदानावर आला, तर त्याचा सराव सकाळीच झालेला आहे. त्याला चेंडू द्या, पळवू नका. मुलींना पाळीच्या दिवसांत काय होतं ते विचारायला शाळेतली एखादी बाई मैदानावर असू द्या. 2022च्या ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना नेरूळलाच झाला. आपल्या किती शाळांनी मुली नेल्या होत्या?

या सगळ्याला लागते एक दोनशे पानी वही. प्रत्येक खेळाडूला एक पान: उंची, वजन, हिमोग्लोबिन, सहाव्या मिनिटाची नाडी, त्यानंतर एका मिनिटाची नाडी, तारीख. ही वही शिक्षकांनी घरी नेऊ नये. शाळेच्या कपाटात, हजेरीपटाशेजारी ठेवावी. शिक्षकांची बदली होते, त्यांच्यासोबत पोरांचे आकडे तालुक्याबाहेर जातात आणि नवे सर जूनमध्ये पुन्हा स्पीकर लावून पहिल्या बीपपासून सुरुवात करतात.